चारही चाकं ओढतील, पण जमीन धरेल का?



गळीत हंगाम जवळ आला की शेतकी खात्याकडे दरवर्षी ठरलेल्या विचारणा सुरू होतात. तोड कधी, टोळी कोणती, वाहन कोणाचे. गेल्या काही हंगामांत त्यात एका प्रश्नाची भर पडली आहे. "साहेब, नवा ट्रॅक्टर घ्यायचाय. फोर-व्हीलच घेतो, म्हंजी चिखलाची कटकट मिटंल. बरोबर ना?"

या प्रश्नाला बांधावर उभे राहून दोन शब्दांत उत्तर देता येत नाही, म्हणून हा लेख. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. फोर-व्हील ट्रॅक्टर वाईट नाही, काही कामांना तो उत्तम आहे. पण ओल्या फडातून भरलेला ट्रेलर ओढून काढण्यासाठी म्हणून कोणी कर्ज काढून तो घेत असेल तर त्याने थांबावे. ती पकड विकत मिळत नाही. ती जमिनीच्या वाफशात, टायरच्या हवेत आणि ट्रेलरमध्ये आपण किती ऊस भरतो त्यात असते. आणि या तिन्ही गोष्टी जवळजवळ फुकट आहेत.

फोर-व्हीलचे आकर्षण आपल्याच भागात जास्त का, हेही समजण्यासारखे आहे. आपल्या शिवाराला लागून गाड्यांचे कारखाने आहेत. पिंपरीला टेल्को आली, तिथूनच १९९८ साली सफारी बाहेर पडली. आकुर्डीला बजाज टेम्पो, म्हणजे २००५ पासूनची फोर्स मोटर्स. चाकणला २०१० साली महिंद्राचा कारखाना सुरू झाला. मावळ, मुळशी, खेडच्या घराघरातला एखादा मुलगा यातल्या कोठल्या तरी गेटातून कामाला जातो. रविवारी तो वडिलांना मोबाईलवर चारही चाकांनी डोंगर चढणारी गाडी दाखवतो. वडिलांना वाटते, ही डोंगर चढते तर आपला ट्रॅक्टर फडातून का निघणार नाही?

अशाच एका घरची गोष्ट. नाव सांगत नाही, कारण चूक एकट्या त्यांची नव्हती. मोठ्या हौसेने फोर-व्हील आणला होता. परतीचा पाऊस होऊन चारच दिवस झाले होते. आम्ही म्हणालो, "अण्णा, अजून वाफसा नाही. आठ दिवस थांबू." ते म्हणाले, "साहेब, आता कशाला थांबायचं? आता चारी चाकं ओढत्यात." ट्रेलर भरला, निघाला, आणि तीस-चाळीस फुटांवर बसला. मग दुसरा ट्रॅक्टर आला, साखळ्या आल्या, शेवटी ट्रेलर निम्मा रिकामा करून जेसीबीने ओढावा लागला. दिवस गेला, टोळी बसून राहिली, ऊस वाळला. पण खरे नुकसान पुढे दिसले. त्या चाकोऱ्यांतला खोडवा पुढे फुटलाच नाही.

हिशेब मांडून पाहू

कागद-पेन्सिल घ्या. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा बरोबर आहे. पन्नास हॉर्सपॉवरच्या आसपासचा साधा ट्रॅक्टर २१०० किलोचा धरू. त्यातले सुमारे १३५० किलो मागच्या दोन चाकांवर असते आणि ओढ मिळते ती या वजनाच्या जोरावर. वाफशातल्या घट्ट जमिनीत चाक आपल्यावरच्या वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त ओढ देते, म्हणजे सव्वासातशे-साडेसातशे किलो. ओल्या चिखलात हे प्रमाण तीस टक्क्यांवर येते. मग उरतात चारशे किलो.

फोर-व्हीलमध्ये पुढच्या चाकांवरचे वजनही कामाला लागते. तो २३०० किलोचा धरला तर वाफशात साडेबाराशे आणि चिखलात सातशे किलोच्या आसपास ओढ मिळेल. फायदा आहे, नाकारत नाही.

आता मागचे ओझे पाहा. ट्रेलर दोन टन आणि ऊस दहा टन, मिळून बारा टन. डांबरी रस्त्यावर ते ओढायला वजनाच्या दोन-तीन टक्के जोर पुरतो. वाफशातल्या शेतात आठ टक्के धरा, म्हणजे साडेनऊशे किलो. चिखलात चाके रुतू लागली की पंधरा टक्के आणि वरही. म्हणजे किमान अठराशे किलो.

चिखलात फोर-व्हीलची ओढ सातशे आणि गरज अठराशेची. अण्णांचा ट्रॅक्टर बसला तो यामुळे. कंपनीचा दोष नाही, ड्रायव्हरचाही नाही. आता हाच ट्रेलर वाफसा आल्यावर फडात निम्मा भरा. पाच टन ऊस आणि दोन टन ट्रेलर, मिळून सात टन. त्याला लागतात साडेपाचशे-पावणेसहाशे किलो. तुमचा जुना दोन चाकी ओढीचा ट्रॅक्टरसुद्धा ते हसत ओढतो. राहिलेला ऊस बांधावर, कडक जागेवर भरा. फोर-व्हीलने जे चिखलात जमले नाही ते साध्या ट्रॅक्टरने वाफशात जमते. आमचे सारे म्हणणे या हिशेबात आहे.

हवा, वजन आणि लॉक

आता आहे त्याच ट्रॅक्टरची पकड वाढवायची कशी ते पाहू.

पहिली गोष्ट हवेची. आपल्याकडे टायर टणक म्हणजे टायर चांगला, अशी समजूत आहे. रस्त्यावर ते खरे, शेतात उलटे. हवा थोडी कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो, जास्त नक्ष्या एका वेळी माती धरतात आणि चाक कमी रुतते. हे सैन्याने फार पूर्वी ओळखले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची 'डक' नावाची पाण्यात आणि जमिनीवर चालणारी गाडी होती. वाळूत उतरताना ड्रायव्हर जागेवर बसून तिच्या टायरची हवा कमी करी आणि रस्त्यावर आल्यावर वाढवी. ट्रॅक्टरलाही हवेचे टायर १९३२ साली अमेरिकेत अॅलिस-चाल्मर्स कंपनीने बसवले, तोवर लोखंडी चाके होती. आपण हवेचा टायर घेतो आणि त्यात हवा ठासून त्याला पुन्हा लोखंडी चाक करून टाकतो.

मागच्या मोठ्या टायरला शेतकामाला साधारण १२ ते १४ पौंड हवा पुरते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात टायरच्या मापाप्रमाणे दिलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नका. फार कमी हवेवर टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा वॉल्व्ह तुटतो. रस्त्याला लागण्याआधी हवा पुन्हा भरा, नाहीतर टायर तापून बाजू चिरतात. ट्रेलरच्या टायरची हवा मात्र कमी करू नका. ते ट्रकचे टायर, अरुंद आणि कडक. भरल्या ओझ्याला त्यांना पुरी हवा लागतेच. म्हणून फडात जास्त रुततो तो ट्रॅक्टरपेक्षा ट्रेलर, आणि त्यावर इलाज एकच: ओझे कमी.

दुसरी गोष्ट वजनाची. चाकांना लोखंडी वजने लावतात किंवा मागच्या ट्यूबमध्ये पाऊण भागापर्यंत पाणी भरतात. कोरड्या, घट्ट रानात याने पकड वाढते. पण वजन दुधारी आहे. ओल्या रानात तेच वजन चाक खाली नेते. नांगरटीला वजन चढवा, ओल्या दिवसांत उतरवा. पुढची वजने मात्र ट्रेलर ओढताना काढू नयेत. ती ट्रॅक्टरचे तोंड जमिनीवर ठेवतात.

तिसरी गोष्ट डिफरन्शियल लॉक. आकुर्डीच्या फोर्स कंपनीच्या गुरखा गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे असे लॉक आहे म्हणून पोरे तिचे कौतुक करतात. मागच्या चाकांचे तेच लॉक तुमच्या ट्रॅक्टरला आहे, सीटखाली टाचेजवळच्या पेडलवर. आम्ही पाहतो तर कित्येकांच्या ट्रॅक्टरवर ते पेडल गंजून बसलेले असते. एक चाक निसटत्या जागी गेले की सारा जोर तिकडेच फुकट फिरतो आणि चांगल्या जागेवरचे चाक गप्प राहते. लॉक दाबले की दोन्ही चाके बरोबर फिरतात. ते चाक घसरू लागण्याआधी किंवा थांबून दाबावे. चाक गरगर फिरत असताना दाबले तर आतले दात तुटतात. वळण्याआधी सोडावे आणि रस्त्यावर वापरूच नये. ज्यांच्याकडे फोर-व्हील आहे त्यांनीही कडक रस्त्यावर पुढची ओढ बंद ठेवावी. पुढची चाके मुद्दाम थोडी जास्त धावतील अशी केलेली असतात. माती ते सामावून घेते, डांबर घेत नाही आणि टायर झिजतात.

टायर बसवताना त्याच्या बाजूवरचा बाण पाहून घ्या. उलटा बसला तर नक्षीतला चिखल बाहेर न पडता भरून राहतो आणि टायर गोल लोण्याच्या गोळ्यासारखा फिरतो.

चाक किती घसरते हे मोजताही येते. मागच्या टायरवर खडूची खूण करा. रिकामा ट्रॅक्टर चाकाचे दहा फेरे चालवा आणि अंतर मोजा. समजा ४० मीटर आले. आता ओझे जोडून त्याच रानात दहा फेरे. ३४ मीटर आले तर सहा मीटर, म्हणजे १५ टक्के घसर. इथवर ठीक. त्यापुढे डिझेल जळते आणि माती चोपली जाते. वीस टक्क्यांच्या पुढे गेलात तर थांबा, ओझे कमी करा किंवा वाफशाची वाट पाहा.

नुकसान खोडव्याचे

आम्ही एवढा आग्रह धरतो त्याचे कारण ट्रॅक्टर नव्हे, ऊस आहे. ओली माती दाबली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात. वरच्या थरावरचा दाब टायरच्या हवेवर अवलंबून असतो, पण खोलवरचा दाब एकूण वजनावर. दहा टनांचा ट्रेलर ओल्या रानातून गेला तर जमीन नांगराच्या तासाखालीही दाबली जाते. तो थर सहजी फुटत नाही. मुळ्या अडतात, पाणी मुरत नाही, खत लागू पडत नाही. शिवाय चाक बुडख्यांवर चढले की खालचे डोळे चिरडतात आणि सरीत नांग्या पडतात. खोडव्याला बेण्याचा आणि लागणीचा खर्च नाही. कमी खर्चात जास्त उरते ते याच पिकात. तेच आपण आठ दिवसांच्या घाईपायी चाकाखाली घालतो.

म्हणून तोडीआधी भारी जमिनीत पंधरा-वीस दिवस आणि हलक्या जमिनीत आठ-दहा दिवस पाणी तोडा. त्याने साखरही वाढते आणि रानही कडक होते. "वजन घटंल" म्हणून शेवटचे पाणी देणारे काही सभासद आहेत. त्यांनी काट्यावर मिळवलेले पुढच्या खोडव्यात गमावले, असे आमचे निरीक्षण आहे. नवी लागण साडेचार-पाच फुटी पट्ट्याने करा, म्हणजे चाक सरीतून चालेल. वाहनाला फडात यायला-जायला एकच वाट ठरवून द्या. दहा ठिकाणी दाबण्यापेक्षा एका पट्ट्याचे नुकसान परवडते आणि तेवढाच पट्टा नंतर खोल फोडता येतो.

चाकणच्या आसपासच्या गावांत एक वेगळी अडचण आहे. शेजारच्या प्लॉटवर भराव पडतो, भिंत उभी राहते, पूर्वापार वाहणारा ओढा अरुंद होतो आणि पाणी आपल्या रानात तुंबते. तिथे पाऊस थांबून पंधरा दिवस झाले तरी वाफसा येत नाही. यावर कोणताही ट्रॅक्टर इलाज नाही. पावसाळ्याआधी चर काढणे आणि ओढ्याचा मार्ग अडत असेल तर गावाने मिळून तहसीलदारांकडे अर्ज करणे, हाच मार्ग. एकट्याच्या अर्जापेक्षा वीस सभासदांच्या सहीचा अर्ज लवकर वाचला जातो.

रुतल्यावर जीव सांभाळा

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. रुतलेला ट्रॅक्टर जोराने काढू नका. मागचे चाक अडकलेले असताना एकदम क्लच सोडला तर चाक फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलते आणि तो मागे उलटतो. ड्रायव्हरला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. चाकाला ओंडका किंवा फळी बांधून बाहेर निघण्याचा प्रकार तर कोणीही करू नये, तो याच कारणाने जीव घेतो. साखळी नेहमी खालच्या हुकाला लावा. वरच्या लिंकला किंवा ॲक्सलला कधीही नाही. आधी ट्रेलर सोडा, चाकापुढची माती खोऱ्याने काढा, आल्या वाटेने रिव्हर्समध्ये बाहेर येण्याचा प्रयत्न करा. साखळीने ओढताना तोडणीवाल्यांची बायका-पोरे लांब उभी करा. तुटलेली साखळी माणूस पाहत नाही.

रस्त्याला लागण्याआधी टायरचा चिखल काढा. तळेगाव-चाकण रस्त्यावर रात्रपाळी सुटल्यावर आपलीच मुले मोटारसायकलवर घरी येत असतात. डांबरावर पडलेला चिखल त्यांच्या चाकाखाली येतो. भातखाचरात चिखलणीला वापरायची लोखंडी केजव्हील लावून रस्त्यावर येण्याचा प्रकारही बंद व्हावा.

दोष आमचाही

इथवर सभासदांना सांगितले. आता आमच्या खात्याबद्दल. ओल्या फडात गाडी घालण्याची घाई नेहमी शेतकऱ्याची नसते. गव्हाणीत ऊस कमी पडला की आम्हीच गटावर निरोप धाडतो, "काहीही करा, गाड्या भरा." सभासदालाही भीती असते की आज तोड नाकारली तर नंबर महिनाभर मागे जाईल. म्हणून तो ओल्या रानात गाडी घालतो. वाहनमालकाला पैसे टनावर मिळतात, त्यामुळे निम्मा ट्रेलर त्याला परवडत नाही. टोळीलाही टनावर मजुरी, मग मोळ्या डोक्यावरून लांब बांधापर्यंत कोण वाहील? प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर आहे आणि नुकसान रानाचे होते.

म्हणून व्यवस्थापनापुढे आणि सभासदांपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक, वाफसा नाही म्हणून तोड पुढे ढकलली तर त्या सभासदाचा नंबर जाऊ नये. वाफसा येताच त्याला आधी टोळी मिळावी. दोन, पावसानंतरच्या दिवसांसाठी प्रत्येक गटात मुरमाड, निचऱ्याच्या रानांची यादी आधीच तयार ठेवावी, म्हणजे गव्हाणही चालू राहील आणि भारी रानेही वाचतील. ही यादी करणे आमचे काम आहे आणि ते आम्ही करू. तीन, निम्मा ट्रेलर भरून बांधावर पुरा करावा लागला किंवा मोळ्या लांब वाहाव्या लागल्या तर वाहनमालकाला आणि टोळीला त्याचा मोबदला ठरवून द्यावा. चार, प्रत्येक गट ऑफिसात हवेचा गेज आणि छोटा कॉम्प्रेसर ठेवावा. एका ट्रॅक्टरच्या किमतीत सगळ्या गटांची सोय होऊन पैसे उरतील.

पाणंद रस्त्यांबद्दलही तेच. मातोश्री ग्रामसमृद्धी शेत व पाणंद रस्ते योजना २०२१ सालची आहे. ज्या गावांनी एकमेकांची हद्द सोडून रस्ता होऊ दिला तिथे वाहने बांधापर्यंत येतात. जिथे हातभर बांधावरून भावकी कोर्टात गेली, तिथे फोर-व्हीलही फडातच रुततो.

फोर-व्हील कोणी घ्यावा? ज्याला चढउताराचे रान आहे, भाताची चिखलणी आहे, लोडरचे काम आहे, वर्षभर भाड्याने चालवायचा आहे, त्याने खुशाल घ्यावा. त्याच्या पैशाचे चीज होईल. पण फक्त उसाच्या हंगामातल्या चिखलासाठी घ्यायचा असेल तर आधी हा हंगाम हवा मोजून, लॉकचे पेडल तेल घालून आणि ट्रेलर निम्मा भरून काढा. तरीही अडले तर पुढच्या वर्षी आमच्याकडे या, बसून हिशेब करू.

आणि यंदा तोडीच्या आदल्या दिवशी प्रत्येकाने एक करावे. फडाच्या मध्यावर जाऊन वीतभर खालची माती मुठीत घ्यावी आणि दाबून सोडावी. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला, तर गाडी आत घ्या. बोटांना चिकटून राहिला तर गट ऑफिसला कळवा आणि थांबा. तेवढा धीर धरलात तर पुढच्या खोडव्यात रान तुम्हाला त्याची भरपाई करून देईल.